पदवीच्या उंबरठ्यावर गणवेशाची हाक

अमेरिकेत लष्करी शिष्यवृत्तीवर दंतवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्यांना चार वर्षे शुल्काची चिंता नसते. शेवटच्या वर्षात मात्र त्या कराराची कलमे एकेक करून प्रत्यक्षात उतरू लागतात. या व्यवस्थेचा इतिहास, तिचे नियम आणि तिचा खरा हिशेब यांचा हा आढावा.

अमेरिकेतील दंतवैद्यक महाविद्यालयांत तिसरे वर्ष संपत आले, की विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे विषय बदलतात. कोणी कोणत्या शहरात नोकरी शोधायची याचा विचार करू लागतो, कोणी डोक्यावरच्या कर्जाचा मासिक हप्ता किती बसेल याचे गणित मांडतो, तर कोणी एखाद्या निवृत्त होऊ घातलेल्या दंतवैद्याचा दवाखाना विकत घेता येईल का, याची चाचपणी करतो. याच वर्गात काही विद्यार्थी असे असतात, की त्यांना यातले फारसे काही ठरवायचेच नसते. त्यांचे शुल्क अमेरिकेच्या भूदलाने, नौदलाने वा हवाई दलाने भरलेले असते. पदवीनंतर कोठे जायचे, हे त्यांना एका आदेशपत्राने कळणार असते.

हा करार त्यांनी केला तेव्हा त्यांचे वय साधारण बावीस-तेवीस असते. उजवा हात वर करून शपथ घेतली, कागदांवर सह्या केल्या आणि पुढची तीन वर्षे शरीररचनाशास्त्र, मेणाचे दात कोरणे आणि रुग्णांच्या हिरड्या तपासणे यात निघून गेली. दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम सोडली, तर लष्कर असे फारसे आठवतही नव्हते. शेवटचे वर्ष जवळ येते तसे ते चित्र पालटते. लष्कराकडून पत्रे येऊ लागतात, अर्ज भरायचे असतात, पसंतीक्रम कळवायचे असतात. शिष्यवृत्ती म्हणून मिळालेली गोष्ट प्रत्यक्षात एक देणे होते आणि ते पैशांनी न फेडता आयुष्यातील वर्षांनी फेडायचे आहे, हे या टप्प्यावर खऱ्या अर्थाने जाणवते.

सक्तीच्या भरतीचा वारसा

या शिष्यवृत्तीचे मूळ शोधायचे, तर युद्धकाळातील सक्तीच्या भरतीकडे जावे लागते. कोरियाचे युद्ध सुरू झाले त्या वर्षी, म्हणजे १९५० मध्ये, अमेरिकेने डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्या सक्तीच्या भरतीसाठी स्वतंत्र कायदा केला. पदवी घेऊन दवाखाना थाटलेल्या तरुणालाही लष्कराचे बोलावणे येऊ शकत असे. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस या सक्तीविरुद्धचा जनक्षोभ इतका वाढला, की १९७३ मध्ये सक्तीची भरतीच थांबली. सैन्य आता केवळ स्वेच्छेने येणाऱ्यांचे होणार होते. सैनिक भरतीतून मिळतील. परंतु डॉक्टर आणि दंतवैद्य स्वेच्छेने कोठून येणार, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर १९७२ मध्येच तयार ठेवण्यात आले होते. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. लष्कराचे स्वतःचे वैद्यकीय विद्यापीठ स्थापन करण्यास मंजुरी दिली आणि नागरी महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम' ही शिष्यवृत्ती सुरू केली. 'एचपीएसपी' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. लष्करी विद्यापीठ वैद्यकीय पदवी देते. पदवीपूर्व दंतवैद्यक मात्र तेथे शिकवले जात नाही. त्यामुळे तरुण दंतवैद्य मिळवण्यासाठी अमेरिकी सेनादलांची मोठी भिस्त या शिष्यवृत्तीवर आहे. सक्तीने जे मिळत होते ते आता शुल्काच्या मोबदल्यात मिळवले जाते, असा हा बदल आहे.

कर्जाचा डोंगर

हा सौदा अनेकांना आकर्षक का वाटतो, हे समजण्यासाठी अमेरिकेतील दंतवैद्यक शिक्षणाचा खर्च पाहावा लागतो. तेथे हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो आणि बहुतेक विद्यार्थी आधी चार वर्षांची दुसरी पदवी घेऊन त्याला प्रवेश घेतात. अखेरीस मिळणाऱ्या पदवीला काही महाविद्यालये 'डीडीएस' तर काही 'डीएमडी' म्हणतात; दोहोंचा दर्जा एकच आहे. कर्ज काढून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असते. काही खासगी महाविद्यालयांत शुल्क, उपकरणे, घरभाडे आणि जेवणखाण धरून चार वर्षांचा खर्च पाच लाख डॉलरच्याही पुढे जातो. कर्जावरील व्याज शिक्षण सुरू असतानाच साचू लागते, हे वेगळेच.

दंतवैद्यक महाविद्यालये इतकी महाग असण्याला कारणे आहेत. वैद्यकीय विद्यार्थी रुग्णालयात शिकतात आणि त्या रुग्णालयाचा खर्च रुग्णसेवेतून निघतो. दंतवैद्यक महाविद्यालयाला मात्र खुर्च्या, ड्रिल, क्ष-किरण यंत्रे यांनी सज्ज असा संपूर्ण दवाखाना स्वतः चालवावा लागतो. तेथे शिकाऊ विद्यार्थी संथ गतीने आणि कमी दरात उपचार करतात. तो तोटा शेवटी शुल्कातून भरून काढला जातो.

२०२५ मध्ये झालेल्या एका कायद्याने या चित्रात भर घातली. दंतवैद्यकासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या कर्जावर १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा या कायद्याने घातली. त्यापूर्वी पूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज मिळण्याची सोय होती. महागड्या महाविद्यालयात शिकायचे, तर उरलेली रक्कम खासगी बँकांकडून घेणे किंवा पालकांनी उभी करणे, असे पर्याय राहतात. अशा वेळी लष्कराचा प्रस्ताव अधिक वजनदार ठरतो, यात नवल नाही.

काय मिळते, काय द्यावे लागते

शिष्यवृत्तीत संपूर्ण शुल्क, पुस्तके आणि आवश्यक उपकरणांचा खर्च मिळतो. दंतवैद्यकात उपकरणांचा खर्च किरकोळ नसतो. हातात धरायची यंत्रे, भिंगे आणि साहित्याचे संच यांवर हजारो डॉलर जातात. त्याशिवाय दरमहा अडीच हजार डॉलरहून अधिक निर्वाहभत्ता मिळतो आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती स्वीकारणाऱ्याला सुरुवातीला २० हजार डॉलरची एकरकमी रक्कमही दिली जाते. वर्षातील पंचेचाळीस दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष लष्करी कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि त्या काळात त्याला कनिष्ठ अधिकाऱ्याचे पूर्ण वेतन मिळते. दंतवैद्यक महाविद्यालये उन्हाळ्यातही फारशी बंद नसल्याने हे पंचेचाळीस दिवस पुष्कळदा महाविद्यालयातच जातात.

मोबदल्यात द्यायचे असते ते शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष. चार वर्षे शुल्क घेतले, तर चार वर्षे पूर्णवेळ सेवा. शिष्यवृत्ती उशिरा आणि कमी वर्षांसाठी घेतली, तरी सेवेची एक किमान मर्यादा असतेच. शिवाय एकूण लष्करी बांधिलकी आठ वर्षांची असते. पूर्णवेळ सेवा संपल्यानंतरचा उरलेला काळ अधिकारी राखीव यादीत राहतो आणि राष्ट्रीय आणीबाणीत त्याला परत बोलावले जाऊ शकते. विद्यार्थिदशेतील चार वर्षे मात्र ना सेवेत धरली जातात, ना निवृत्तिवेतनाच्या हिशेबात.

मध्येच विचार बदलला तर? करार एकतर्फी मोडता येत नाही. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्याकडून किंवा अनुत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्याकडून खर्च झालेली रक्कम व्याजासह वसूल करण्याचा किंवा त्याला अन्य कामावर सेवा करायला लावण्याचा अधिकार सरकारला असतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजेच 'एएफएमसी'च्या बाँडची माहिती असलेल्या वाचकांना हे परिचयाचे वाटेल. तेथेही शिक्षणाचा भार सरकार उचलते आणि त्या बदल्यात सेवा घेते. फरक असा, की 'एएफएमसी'चा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून गणवेशात आणि लष्करी वसतिगृहात असतो. अमेरिकेतील हा विद्यार्थी मात्र चार वर्षे पूर्णपणे नागरी वातावरणात राहतो आणि मग एका उन्हाळ्यात अचानक कॅप्टन होतो.

शेवटच्या वर्षाचे वेळापत्रक

दंतवैद्यकाचे शेवटचे वर्ष कोणासाठीच सोपे नसते. महाविद्यालयाच्या दवाखान्यात ठरावीक प्रकारचे उपचार ठरावीक संख्येने पूर्ण करावे लागतात. रूट कॅनॉल, क्राऊन, दात काढणे, कवळी बसवणे, हिरड्यांचे उपचार अशी ती यादी असते. रुग्ण वेळेवर आला नाही, तर विद्यार्थ्याचा दिवस वाया जातो. कवळीसाठी चार-पाच वेळा यावे लागणारा वृद्ध रुग्ण दोन भेटींनंतर येईनासा झाला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पदवी लांबणीवर पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. इतरांच्या बाबतीत पदवी लांबली तर नोकरी लांबते. लष्करी विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रशिक्षणाची तारीख, बदलीचा आदेश आणि रुजू होण्याचे ठिकाण अशी सगळी साखळीच विस्कळीत होते.

याच्या जोडीला राष्ट्रीय पातळीवरील लेखी परीक्षा असते. पूर्वी ती दोन भागांत होत असे. २०२० मध्ये दोन्ही भाग एकत्र करून नवी परीक्षा सुरू झाली आणि २०२२ अखेर जुनी पद्धत पूर्णपणे बंद झाली. नव्या परीक्षेत दीड दिवसात ५०० प्रश्न सोडवायचे असतात आणि निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. त्यानंतर हस्तकौशल्याची परीक्षा. अनेक वर्षे ही परीक्षा जिवंत रुग्णावर होत असे आणि योग्य आकाराची, योग्य जागची कीड असलेला रुग्ण परीक्षार्थीने स्वतःच शोधून आणायचा, अशी विचित्र प्रथा होती. करोनाच्या साथीत २०२० मध्ये रुग्णांना बोलावणे अशक्य झाल्यावर कृत्रिम दातांवर परीक्षा घेण्याची पद्धत वेगाने पसरली.

लष्करी विद्यार्थ्यापुढे या सगळ्याबरोबर आणखी एक समांतर वेळापत्रक असते. वैद्यकीय तपासणी आणि वजन-उंचीचे निकष पुन्हा पाहिले जातात. लष्करी प्रशिक्षणवर्षासाठी अर्ज करायचा असेल, तर शिफारसपत्रे आणि गुणपत्रिका वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवाव्या लागतात. त्यानंतर नियुक्तीच्या ठिकाणांचा पसंतीक्रम कळवायचा असतो. जर्मनी, इटली, जपान, दक्षिण कोरिया, हवाई बेटे येथपासून ते टेक्सास वा नॉर्थ कॅरोलिनातील मोठ्या छावण्यांपर्यंत ही यादी पसरलेली असते. पसंती विचारली जाते. पण निर्णय 'सेवेच्या गरजे'प्रमाणे होतो. करारातील याच शब्दांना शेवटच्या वर्षात खरा अर्थ येतो. ज्याची पत्नी अन्य शहरात नोकरी करते किंवा जिच्या घरी आजारी आईवडील आहेत, त्यांच्यासाठी हे शब्द म्हणजे पुढच्या चार वर्षांच्या संसाराची व्यवस्था असते.

पदवीदान समारंभानंतर भूदल आणि हवाई दलात नव्या दंतवैद्याला कॅप्टनचा हुद्दा मिळतो. नौदलात तो लेफ्टनंट होतो आणि तो हुद्दा भूदलातील कॅप्टनच्या बरोबरीचा असतो. अधिकारी म्हणून पायाभूत प्रशिक्षण आधी झाले नसेल, तर ते या टप्प्यावर होते. भूदलाचे टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे, नौदलाचे ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे आणि हवाई दलाचे अलाबामातील माँटगोमेरी येथे. सलाम कसा करायचा, गणवेश कसा घालायचा, कोणाला कसे संबोधायचे, हे चार वर्षे दातांचा अभ्यास केलेला तरुण काही आठवड्यांत शिकतो.

एका राज्याचा परवाना पुरेसा

अमेरिकेत दंतवैद्याला परवाना राज्य देते, केंद्र सरकार नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यूयॉर्कने तर २००७ पासून हस्तकौशल्याच्या परीक्षेऐवजी पदवीनंतरचे किमान एक वर्षाचे निवासी प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. नागरी व्यवसाय करणाऱ्याने राज्य बदलले, की नव्याने अर्ज करावा लागतो. लष्करी दंतवैद्याला ही अडचण नाही. कोणत्याही एका राज्याचा वैध परवाना असला, की केंद्रीय कायद्यानुसार तो देशभरातील आणि परदेशांतील लष्करी दवाखान्यांत काम करू शकतो. त्यामुळे शेवटच्या वर्षातील विद्यार्थी कोणत्या राज्याचा परवाना घ्यायचा, याचा विचार चार वर्षांनंतर कोठे स्थायिक व्हायचे आहे, हे डोळ्यांपुढे ठेवून करतात. परवाना ठरावीक मुदतीत मिळवणे मात्र बंधनकारक असते. परवान्याविना तो अधिकारी असतो, पण स्वतंत्रपणे उपचार करणारा दंतवैद्य नसतो.

आणखी एक वर्ष की थेट रुजू?

वैद्यकीय पदवीधर इंटर्नशिपशिवाय स्वतंत्रपणे काम करू शकत नाही. दंतवैद्यकात बहुतेक राज्यांत तशी अट नाही. मे महिन्यात पदवी घेतलेला तरुण परवाना हाती पडताच एकटा खुर्चीपाशी उभा राहू शकतो. भारतात बीडीएसच्या चार वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते; अमेरिकेत ते वर्ष ऐच्छिक आहे. म्हणूनच लष्कराच्या एक वर्षाच्या प्रगत सामान्य दंतवैद्यक प्रशिक्षणाला मोठी मागणी असते. त्यात कॅप्टनचे पूर्ण वेतन मिळते आणि मुळापाशी वाकड्या झालेल्या दाढेचे रूट कॅनॉल, अवघड अक्कलदाढ काढणे, इम्प्लांट यांसारखी कामे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकायला मिळतात. जागा मर्यादित असल्याने निवड होते आणि सर्वांनाच ती मिळत नाही.

मात्र हे प्रशिक्षणाचे वर्ष सर्वसाधारणपणे फेडीत धरले जात नाही. म्हणजे चार वर्षांची सेवा पाच वर्षांनी संपते. उत्तम शिक्षणासाठी एक वर्ष अधिक द्यायचे, की लवकर मोकळे व्हायचे, हा निर्णय शेवटच्या वर्षाच्या प्रारंभीच घ्यावा लागतो. ज्यांना ऑर्थोडॉन्टिक्ससारखी विशेष शाखा हवी असते, त्यांची कोंडी अधिक मोठी असते. सेनादले त्यांना त्या वर्षी किती तज्ज्ञ हवे आहेत, यावर प्रशिक्षणाची परवानगी देतात. जबड्याच्या शल्यचिकित्सकांची गरज रणांगणावर असते. दात सरळ करणाऱ्यांची तितकी नसते. परवानगी मिळालीच, तर विशेष शिक्षणाच्या बदल्यात सेवेची वर्षे वाढतात. नाही मिळाली, तर ते स्वप्न फेड पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलावे लागते.

दातांचे लष्कराला काय काम?

दंतवैद्यावर लष्कराने इतका खर्च का करावा, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडू शकतो. उत्तर सैन्याच्या सज्जतेत आहे. अमेरिकी सेनादलांत प्रत्येक सैनिकाच्या दातांची चार गटांत वर्गवारी केली जाते. पहिल्या गटात उपचारांची गरज नसलेले, दुसऱ्यात किरकोळ गरज असलेले, तिसऱ्यात येत्या बारा महिन्यांत तीव्र दुखणे उद्भवण्याची शक्यता असलेले आणि चौथ्यात तपासणीच न झालेले. तिसऱ्या व चौथ्या गटातील सैनिक मोहिमेवर जाण्यास सज्ज मानला जात नाही. वाळवंटातील चौकीवर वा पाणबुडीत दाढ ठणकू लागली, तर तो सैनिक तर निकामी होतोच, शिवाय त्याला मागे आणण्यासाठी वाहने आणि माणसे खर्ची पडतात. छावणीतील तरुण दंतवैद्य दिवसभर करतो ते काम मुख्यत्वे तिसऱ्या गटातील सैनिकाला दुसऱ्या वा पहिल्या गटात आणण्याचे असते.

याखेरीज चेहऱ्यावरील जखमांचे उपचार आणि मृतदेहांची दातांवरून ओळख पटवणे, ही कामेही दंतवैद्यक दलाकडे असतात. अमेरिकी भूदलाचे दंतवैद्यक दल १९११ मध्ये आणि नौदलाचे १९१२ मध्ये स्थापन झाले. भारताच्या लष्करी दंतवैद्यक दलाची स्थापना दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये झाली. लष्करी दंतवैद्य युद्धापासून दूरच असतो, असेही नाही. कॅलिफोर्नियात शिकलेले दंतवैद्य कॅप्टन बेन सॅलोमन हे ७ जुलै १९४४ रोजी सायपान बेटावर एका तुकडीच्या शल्यचिकित्सकाची जागा सांभाळत होते. जपानी हल्ला वैद्यकीय तंबूपर्यंत पोहोचला, तेव्हा त्यांनी जखमींना मागे पाठवून स्वतः मशीनगन हाती घेतली आणि ते तेथेच धारातीर्थी पडले. वैद्यकीय अधिकाऱ्याने शस्त्र चालवले, या मुद्द्यावरून त्यांचा सन्मान अनेक दशके रखडला. अखेर २००२ मध्ये त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' मरणोत्तर प्रदान करण्यात आले.

फायद्याचा हिशेब

आर्थिकदृष्ट्या हा सौदा फायद्याचा आहे का? त्याचे उत्तर महाविद्यालयावर अवलंबून आहे आणि ही गोष्ट सही करताना अनेकांच्या ध्यानात येत नाही. येथे देणे डॉलरमध्ये मोजले जात नाही, वर्षांमध्ये मोजले जाते. चार लाख डॉलर खर्चाच्या खासगी महाविद्यालयात शिकलेला आणि स्वतःच्या राज्याच्या सरकारी महाविद्यालयात त्याच्या निम्म्या खर्चात शिकलेला, असे दोघेही सारखीच चार वर्षे देतात. पहिल्याच्या दृष्टीने सेवेच्या प्रत्येक वर्षाची किंमत एक लाख डॉलर होते, दुसऱ्याच्या दृष्टीने पन्नास हजार. महाविद्यालय जितके स्वस्त, तितका हा सौदा महाग पडतो.

उत्पन्नाची बाजूही पाहावी लागते. नागरी दंतवैद्याचे सर्वसाधारण वार्षिक उत्पन्न दीड लाख डॉलरहून अधिक असते. नव्या कॅप्टनचे मूळ वेतन २०२४ मध्ये दरमहा पाच हजार डॉलरच्या थोडे वर होते. त्यात करमुक्त घरभाडे भत्ता, भोजनभत्ता आणि दंतवैद्यांसाठीचे विशेष वेतन जमा होते. आरोग्यसेवा मोफत मिळते आणि उपचारांतील चुकांवरील विम्याचा हप्ताही भरावा लागत नाही. एवढे धरूनही नागरी व्यवसायातील वरच्या उत्पन्नाशी त्याची बरोबरी होत नाही. पण डोक्यावर हप्ता नसतो, हे विसरता येत नाही.

पैशांपलीकडचा हिशेबही आहे. लष्करी दवाखान्यात उपचाराचे बिल रुग्णाला भरायचे नसते. त्यामुळे विमा कंपनी मंजुरी देईल का, महिन्याचे लक्ष्य पूर्ण होईल का, असे प्रश्न तेथे नसतात. शेजारच्या खोलीत अनुभवी तज्ज्ञ असतो आणि त्याला विचारता येते. नागरी क्षेत्रात साखळी दवाखान्यांच्या नोकरीत तरुण दंतवैद्यांवर जे व्यापारी दडपण येते, त्यापासून ही सुटका मोठी आहे. दुसऱ्या बाजूला रुग्ण बहुतांशी तरुण आणि धडधाकट असतात. अक्कलदाढा काढण्याचा आणि दात भरण्याचा हात बसतो. परंतु लहान मुले आणि कवळीची गरज असलेले वृद्ध फारसे भेटत नाहीत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सैनिकांची कुटुंबे सहसा नागरी दंतवैद्यांकडेच जातात. चार वर्षांनी बाहेर पडून स्वतःचा दवाखाना काढणाऱ्याला ही उणीव जाणवू शकते.

मराठी घरांतील प्रश्न

न्यू जर्सी, टेक्सास वा कॅलिफोर्नियात वाढलेल्या मराठी मुलामुलींपैकी कोणी दंतवैद्यकाकडे वळले, तर ही शिष्यवृत्ती त्यांच्याही घरी चर्चेला येऊ शकते. अशा कुटुंबांनी दोन गोष्टी आधीच जाणून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व ही अनिवार्य अट आहे. विद्यार्थी व्हिसावरील किंवा केवळ ग्रीन कार्ड असलेल्यांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला 'ओसीआय' कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाची नोंदणी, देता येत नाही, असे भारत सरकारचे नियम सांगतात. पुणे वा नागपूरला आजीआजोबांकडे जाण्यासाठी कायमचा परवाना म्हणून या कार्डाकडे पाहणाऱ्या कुटुंबांसाठी ही लहान बाब नाही. ज्यांच्याकडे आधीपासून कार्ड आहे, त्यांनीही सही करण्यापूर्वी भारतीय वकिलातीकडून आपल्या बाबतीतील स्थिती लेखी समजून घेणे शहाणपणाचे ठरेल. याशिवाय गणवेशातील अधिकाऱ्याला परदेश प्रवासासाठी वरिष्ठांची परवानगी लागते. चुलतभावाच्या लग्नाला आठ दिवसांच्या सूचनेवर येणे सोपे राहत नाही.

सेवेच्या मोबदल्यात कर्जमुक्तीचे अन्य मार्गही अमेरिकेत आहेत. दंतवैद्यांची टंचाई असलेल्या भागांत किंवा तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत काही वर्षे काम करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या योजना आहेत. त्यांत गणवेश आणि युद्धमोहिमा सक्तीच्या नसतात. मात्र लष्करी शिष्यवृत्तीइतका निश्चित आणि पहिल्या दिवसापासून संपूर्ण शुल्क भरणारा मार्ग क्वचितच मिळतो.

शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला या सगळ्या तुलनेचा आता उपयोग नसतो. त्याची निवड तीन वर्षांपूर्वीच झालेली असते. त्याच्या हाती उरते ते एवढेच, की दवाखान्यातील कामे वेळेत पुरी करायची, परवान्याचे राज्य विचारपूर्वक निवडायचे, प्रशिक्षणवर्षाचा अर्ज मुदतीत पाठवायचा आणि घरच्यांना आदेशपत्राची वाट पाहण्यासाठी तयार करायचे. वर्गमित्र कर्जाच्या पहिल्या हप्त्याची तारीख पाहत असतील, तेव्हा तो रुजू होण्याची तारीख पाहत असेल. हा करार पुढे चांगला ठरतो की जाचक, हे बऱ्याच अंशी सही करताना काय माहीत होते, यावर अवलंबून असते. शुल्काचा आकडा सगळे वाचतात. 'सेवेची गरज' हे शब्दही तितक्याच सावकाश वाचण्याची वेळ शेवटच्या वर्षी येऊ नये, पहिल्या वर्षाआधी यावी.